लान्दनाउम : कॅनडातल्या आइसलँडकरांची जमीन

सोलापुरात डफरीन चौक आहे. कॉलेज अर्धवट सुटल्यावर त्या भागातल्या एका खासगी मोजणीदाराकडे मी साखळी धरायला लागलो. मोजणीच्या धंद्यात पळापळ फार आणि वाट बघणेही फार. साहेब नकाशा रंगवत बसले की मी खाली चहाच्या टपरीवर. तिथे एकदा कुणीतरी विचारले, "हा डफरीन कोण हो?" "असेल कुणी इंग्रज," एवढ्यावर विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

डफरीन हे नाव आपल्याकडे बरेच ठिकाणी सांडलेले आहे. अमरावतीला बाळंतपणासाठी बाई 'डफरीनला' जाते. मुंबईत बोटीवरच्या अधिकाऱ्यांना शिकवणारे 'डफरीन' नावाचे जहाज अनेक वर्षे उभे होते. हा गृहस्थ १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. काँग्रेसचा जन्म त्याच्याच काळातला, आणि स्त्रियांच्या दवाखान्यांसाठी त्याच्या पत्नीने निधी उभा केला तोही १८८५ सालचाच. इथे येण्यापूर्वी, १८७२ ते १८७८, तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. त्या काळात, सप्टेंबर १८७७ मध्ये, तो विनिपेग सरोवराच्या काठावरच्या गिम्ली नावाच्या चिखलातल्या वसाहतीत गेला. तिथे आइसलँडहून आलेली माणसे राहत होती. त्यांच्यापुढे त्याने भाषण केले. ते भाषण माझ्या हाती लागले आणि त्या वसाहतीने मला पकडले ते आजतागायत.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कॅनडा पाहिलेला नाही आणि आइसलँडची भाषाही येत नाही. जे काही जमवले ते इंग्रजीतून आलेल्या आठवणी, सरकारी अहवाल, जुने नकाशे यांच्या आधारे, शब्दकोश मांडीवर घेऊन. पण जमीन कशी मोजतात, कागदावर कशी चढते आणि कागदावर चढली की कुणाची होते, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. हा लेख त्या अंगाने वाचावा.

आधी ही माणसे निघाली का ते पाहू. १८७०च्या सुमारास आइसलँडची लोकसंख्या जेमतेम सत्तर हजार होती. बेट डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात. शेती म्हणजे गवत आणि मेंढ्या, उरलेले समुद्रातले मासे. थंडीची लागोपाठ वाईट वर्षे, समुद्रातून किनाऱ्याला येऊन लागणारा बर्फ, आणि ज्याला स्वतःचे शेत नाही त्याला दुसऱ्याच्या घरी गडी म्हणून राहणे भाग पाडणारे कायदे. मार्च १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखी फुटला आणि पूर्वेकडच्या कुरणांवर राखेचा थर बसला. अनेक पुस्तकांत ही राख हेच स्थलांतराचे कारण म्हणून दिलेले असते. ते अर्धेच खरे आहे, कारण माणसे त्याच्या आधीपासून निघू लागली होती. १८७४ मध्ये एक मोठा गट कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात किनमाउंट येथे रेल्वेच्या कामावर पोचला होता. तिथल्या लाकडी खोपटांत त्यांची कितीतरी लहान मुले दगावली. राखेने जे मन बनवले ते आधीच डळमळलेले होते. पहिल्या महायुद्धापर्यंत पंधरा ते वीस हजार माणसे बेट सोडून गेली. सत्तर हजारांच्या देशातून एवढी जाणे म्हणजे घराघरातून कुणीतरी गेले, असे समजा.

किनमाउंटच्या लोकांना स्वतःची, एकसलग जमीन हवी होती. १८७५च्या उन्हाळ्यात त्यांचे काही प्रतिनिधी मॅनिटोबात जागा बघायला गेले. त्यांत सिग्त्रिग्गुर योनासन हा विशीतला तरुण होता, ज्याला पुढे या वसाहतीचा जनक म्हटले गेले, आणि जॉन टेलर हा त्यांच्यावर जीव लावून बसलेला इंग्रज धर्मप्रचारकही होता. त्या वर्षी रेड नदीच्या सुपीक खोऱ्यात टोळधाडीने पिके फस्त केली होती. उघडी प्रेअरी, म्हणजे झाड नसलेले गवताळ माळ, त्यांना भीतिदायक वाटली. त्याउलट उत्तरेला सरोवराच्या पश्चिम काठी लाकूड होते, मासे होते, टोळ नव्हते. शिवाय देशभर जाणारी रेल्वे तिथून फार दूर नसेल अशी अपेक्षा होती. रेल्वे पुढे दक्षिणेकडून गेली. काठाची जमीन झाडीची आणि दलदलीची निघाली. मासेमारीवर जगलेल्या डोळ्यांनी केलेली ती निवड होती, शेतकऱ्याच्या डोळ्यांनी केलेली नव्हे. तरी त्यांना दोष द्यायला मी धजत नाही. टोळांनी खाल्लेले शेत समोर असताना मीही झाडीच निवडली असती.

सरकारने काठालगतची सुमारे छत्तीस मैल लांबीची पट्टी आइसलँडकरांसाठी राखून ठेवली. ती तेव्हाच्या मॅनिटोबा प्रांताच्या हद्दीबाहेर होती. २१ ऑक्टोबर १८७५ रोजी सुमारे २८५ माणसे वाफेच्या बोटीने ओढलेल्या सपाट तराफ्यांवरून विलो पॉइंट नावाच्या वाळूच्या टोकाशी उतरली. ऑक्टोबरअखेर म्हणजे तिथे हिवाळा दारात. जवळच त्यांनी गाव मांडले आणि नाव ठेवले गिम्ली. जुन्या नॉर्स पुराणात प्रलयानंतर सज्जनांना मिळणाऱ्या दालनाचे हे नाव. नाव ठेवणाऱ्यांच्या आशेचा अंदाज यावा. पहिल्या हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत गेला. समुद्रात मासे धरणाऱ्या या माणसांना गोठलेल्या सरोवरात बर्फाला भोक पाडून त्याखालून जाळे कसे सरकवायचे ते माहीत नव्हते. ताज्या अन्नावाचून स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, माणसे मेली. आणि त्याच हिवाळ्यात टेलरच्या पुतणीने मुलांसाठी इंग्रजी शाळा चालवली, आणि कुणी एकाने हाताने लिहिलेले वर्तमानपत्र काढून घरोघर फिरवले. खायला नसताना वर्तमानपत्र काढणारी माणसे मला आपल्यासारखी वाटतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आइसलँडच्या भाषेत एक शब्द आहे, लान्दनाउम. लान्द म्हणजे भूमी, नाउम म्हणजे घेणे. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेहून माणसे त्या बेटावर उतरली, त्या घटनेला हा शब्द आहे. कुणी कुठे जमीन घेतली याची नोंद करणारे 'लान्दनाउमाबोक' नावाचे जुने पुस्तकही आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या माणसालाही आपला पूर्वज त्यात कुठे सापडतो हे ठाऊक असे. तेव्हा ते बेट खरोखर रिकामे होते, थोडे आयरिश साधू सोडले तर. कुणाला हुसकावे लागले नाही. म्हणजे यांच्या परंपरेत जमीन घेणे ही पाप नसलेली, अभिमानाची गोष्ट होती. विनिपेग सरोवराच्या काठी आल्यावर त्यांनी हाच शब्द वापरला. बेटाला तो शोभला होता. या काठाला शोभला नाही, कारण इथे माणसे होती.

ती ओजिब्वे समाजाच्या सोटो शाखेची आणि क्री माणसे होती. सँडी बार नावाच्या वाळूच्या दांड्याजवळ त्यांची घरे होती, बटाट्याच्या बागा होत्या, माशांच्या जागा ठरलेल्या होत्या. सरकारचा आणि या भागातल्या लोकांचा पाचवा तह झाला तो सप्टेंबर १८७५ मध्ये. आइसलँडच्या प्रतिनिधींनी जागा निवडली ती त्याच उन्हाळ्यात, तहाच्या आधी. उत्तरेकडच्या नॉर्वे हाउस येथील काही कुटुंबांना तहाच्या वेळी नेमका याच पट्ट्यात, नदीच्या मुखाजवळ, शेतीसाठी यायचे होते. त्यांना सांगण्यात आले की ती जागा आइसलँडकरांना गेली, तुम्ही फिशर नदीकाठी जा. ते गेले. सँडी बारचे लोक तर कुठेच गेले नव्हते, ते आपल्या जागीच होते, आणि तरीही त्यांच्या पायाखालची जमीन दुसऱ्यांसाठी राखीव झाली.

१८७६च्या उन्हाळ्यात आइसलँडहून आणखी सुमारे बाराशे माणसांचा मोठा जथा आला. त्यांतली काही कुटुंबे उत्तरेला आइसलँडिक नदीच्या काठी घर बांधायला गेली तेव्हा जॉन रॅम्से नावाच्या सोटो माणसाने त्यांची नाव काठाला लागू दिली नाही, ती पुन्हा पुन्हा पाण्यात ढकलली, असे वसाहतीच्या आठवणींत सांगितले जाते. त्याचे म्हणणे होते की नदीच्या दक्षिणेची जमीन तुम्हाला मिळाली असेल, उत्तरेची नाही. प्रकरण सरकारी माणसापर्यंत गेले. निकाल वसाहतीच्या बाजूने लागला. पुढे काय झाले हे वाचताना मी पहिल्यांदा पुस्तक मिटून ठेवले होते. याच रॅम्सेने या लोकांना शिकार आणून दिली, त्यांना तिथल्या थंडीत जगायला मदत केली. का, याचे उत्तर कुणी लिहून ठेवलेले नाही, आणि आपण ते त्याच्या तोंडी घालू नये.

त्याच मोठ्या जथ्याबरोबर देवी आली. प्रवासात कुठेतरी, बहुधा क्वेबेकमध्ये, रोगाची लागण झाली असावी. पाने गळायच्या सुमारास पहिले रुग्ण दिसले आणि नोव्हेंबरपर्यंत घराघरात फोड आलेली मुले होती. वसाहतीतली शंभराच्या आसपास माणसे मेली, त्यांत मुले अधिक. जमीन गोठलेली असल्याने प्रेते छपरावर, बाहेर बर्फात ठेवली गेली. विलग्नवासाची रेषा आखली गेली आणि जुलै १८७७ पर्यंत वसाहतीतून बाहेर पडणे बंद झाले. कामाला जाता येईना, विकायला जाता येईना. इतिहासात हा काळ आइसलँडकरांच्या हालांचा म्हणून सांगितला जातो आणि ते हाल खरेच होते. पण त्याच देवीने काठावरच्या मूळ रहिवाशांचे काय केले हे बराच काळ तळटिपेत राहिले. सरोवराच्या पूर्व काठावरची सँडी रिव्हर ही वस्ती जवळजवळ संपून गेली. तिथे पोचलेल्या पथकाने प्रेते पुरली, घरे जाळली. सँडी बारलाही माणसे पटापट गेली. जॉन रॅम्सेची पत्नी बेट्सी गेली आणि मुलांपैकी बहुतेक गेली. एक मुलगी, मेरी, अंगावर व्रण घेऊन जगली.

इथे मला स्वतःचे थोडे सांगावे लागते. आमचे गाव धरणात गेले तेव्हा मी शाळेत होतो. पुनर्वसनात आम्हाला कालव्याखालची जमीन मिळाली. ती कुणाकडून तरी काढून घेतलेली होती. त्या घरातला एक म्हातारा पेरणीच्या दिवसांत बांधावर येऊन उभा राहायचा. भांडायचा नाही. वडील त्याला पाणी द्यायचे, तो प्यायचा, निघून जायचा. आमचे घर बुडाले होते हे खरे, आणि तो म्हातारा उभा राहायचा हेही खरे. पाण्याचा तांब्या घेऊन बांधापर्यंत जायचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे रॅम्सेची गोष्ट वाचताना मी कुठल्या काठावर आहे हे मला नीट ठरवता येत नाही.

विलग्नवास उठून दोन महिने होतात न होतात तोच डफरीन आला. त्याला आइसलँडचे आधीपासून वेड होते. तिशीत असताना, १८५६ मध्ये, तो स्वतःच्या शिडाच्या बोटीतून तिकडे जाऊन आला होता आणि त्या सफरीवरचे त्याचे पुस्तक गाजले होते. गिम्लीत त्याने झोपड्या आतून पाहिल्या. भिंती उघड्या, सामान जवळपास नाही, पण ज्या ज्या घरात गेलो तिथे वीस-तीस पुस्तके होती, असे त्याने भाषणात नवलाने सांगितले. वसाहतीला त्याने आपला शब्द दिला, तुम्ही आमच्या रक्ताचेच आहात असा सूर लावला. माणसे भारावली.

या माणसांनी भारावण्याच्या लायकीचे काहीतरी खरोखर केलेही होते. त्यांनी स्वतःची राज्यघटना लिहिली. १८७७ मध्ये तात्पुरती व्यवस्था आणि १८७८च्या आरंभी पक्की घटना. सगळ्या वसाहतीचे नाव वाट्न्सथिंग, म्हणजे सरोवराची सभा. तिचे चार विभाग, प्रत्येक विभागाची निवडलेली पाच जणांची पंचायत, सगळ्यांवर एक प्रमुख. रस्त्यासाठी प्रत्येकाने श्रम द्यायचे, विधवा आणि अनाथांची सोय विभागाने करायची, जन्ममृत्यूची नोंद ठेवायची, भांडण आधी पंचायतीने मिटवायचे. हिला 'प्रजासत्ताक' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती अतिशयोक्ती आहे, कारण ती कॅनडाच्या कायद्याखालीच होती. पण १८८७ पर्यंत ती चालली. त्याच सुमारास 'फ्रामफारी', म्हणजे प्रगती, हे छापील वर्तमानपत्रही निघू लागले होते.

याच डफरीनने १८८८ मध्ये कलकत्त्यात, व्हाइसरॉयपद सोडताना, काँग्रेसवाल्यांची संभावना सूक्ष्मदर्शकातून पाहावी लागणारी मूठभर माणसे अशी केली. हे वाक्य आपल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले. गिम्लीत झोपडीतल्या वीस पुस्तकांत त्याला स्वराज्याची पात्रता दिसली. पुण्या-मुंबईच्या घरांतली कपाटे त्याला दिसली नाहीत. हा माणूस दुष्ट होता असे मला म्हणायचे नाही. पण कुणाच्या पुस्तकांकडे बघायचे हे त्याने आधी ठरवलेले होते, आणि सँडी बारच्या बटाट्याच्या बागांकडे न बघणे हे त्याच ठरवण्यात येते.

घटना छान होती, पण जमीन वाईट. त्यात दोन पाद्र्यांचे भांडण. पाउल थॉर्लाक्सन कर्मठ मताचा, नॉर्वेजियन पंथाच्या छत्राखालचा. यॉन ब्यार्नासन त्या मानाने मोकळ्या मताचा. लोक दोन तट पडून एकमेकांच्या दारात जाईनासे झाले. जमिनीवर सरकारी कर्जाचा बोजा होताच. थॉर्लाक्सन आपले लोक घेऊन दक्षिणेला, अमेरिकेच्या डाकोटात निघून गेला. १८८०च्या शरदात सरोवराचे पाणी चढले, गवताच्या गंजी वाहून गेल्या, आणि उरलेल्यांतलेही बरेच निघाले. काही शेच माणसे राहिली. ध्रुवप्रदेशाचा पुढे जगप्रसिद्ध झालेला प्रवासी विल्ह्यालमूर स्टेफानसन याचा जन्म १८७९ मध्ये याच वसाहतीत झाला, आणि त्याचे आईबापही लवकरच डाकोटाला गेले.

निघालेल्यांपैकी काही डाकोटाऐवजी मॅनिटोबाच्याच नैर्ऋत्येला, आर्गाइल भागात गेले. इथे प्रेअरी होती, पाच वर्षांपूर्वी जिला ते भ्याले होते तीच. सिगुर्डुर क्रिस्तोफरसन हा पहिल्या काही जणांतला. १८८१च्या मार्चमध्ये, बर्फ असतानाच, कुटुंबे बैलांच्या घसरगाड्यांवर सामान आणि मागे गुरे हाकत तिथे पोचली.

इथे माझ्या धंद्याचा भाग येतो, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. कॅनडा सरकारने १८७१ पासून प्रेअरीची मोजणी सुरू केली होती. विनिपेगच्या जरा पश्चिमेला एक उत्तर-दक्षिण रेषा धरली, तिला प्रमुख मध्यान्हरेषा म्हटले, आणि तिच्यापासून सगळा मुलूख सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत कापला. एका चौकोनाला टाउनशिप म्हणतात. त्यात एक मैलाचे छत्तीस चौरस, म्हणजे सेक्शन. प्रत्येक सेक्शनचे चार हिस्से, एक हिस्सा १६० एकर. आपल्या गुंठ्यांत सांगायचे तर ६४०० गुंठे. त्यांची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ फुटांची. त्यांच्या ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. सेक्शनांच्या मधे रस्त्यासाठी दीड साखळी, म्हणजे ९९ फूट, सोडलेली. कोपऱ्याला खांब, खांबावर आकडे. शेताचा पत्ता असा : ईशान्य हिस्सा, सेक्शन अमुक, टाउनशिप तमुक, रेंज तमुक, मध्यान्हरेषेच्या पश्चिमेला. त्यात गावाचे नाव नाही, ओढ्याचे नाही, आधीच्या मालकाचे तर नाहीच. आपल्याकडच्या जुन्या नकाशांत बांध वाकडा जातो कारण तिथे विहीर असते, पीर असतो, कुणाचा तरी हट्ट असतो. त्यांचा नकाशा प्रथम पाहिला तेव्हा मला त्याच्या सरळपणाचे कौतुक वाटले. बऱ्याच वर्षांनी लक्षात आले की एवढी सरळ रेघ मारायची तर आधी काही नव्हते असे धरूनच चालावे लागते. मोजणीदाराच्या वहीत झाडे, पाणी, मातीचा कस यांच्या नोंदी असतात. माणसांच्या जुन्या वाटाही कधी कधी असतात. पण हिस्से पाडताना वाटेला आकडा मिळत नाही.

१८७२च्या जमीन कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा सज्ञान पुरुषाला दहा डॉलर भरून असा एक हिस्सा नोंदवता येई. तीन वर्षे त्यावर राहायचे, घर बांधायचे, ठरावीक जमीन नांगरायची, मग मालकी. याला होमस्टेड म्हणत आणि जाहिरातीत फुकट जमीन म्हणत. सगळे सेक्शन मात्र यासाठी नव्हते. विषम क्रमांकाचे बहुतेक रेल्वेकडे, ११ आणि २९ शाळांसाठी, ८ आणि बराचसा २६ हडसन बे कंपनीचा. म्हणजे तुमच्या शेजारचा चौरस बहुधा रिकामा किंवा विक्रीचा. शेजारी माणूस मैलभर लांब. आपण पांढरी आणि काळी असे म्हणतो, घरांची जमीन वेगळी आणि पिकाची वेगळी. प्रेअरीवर पांढरीच नाही. प्रत्येक जण वस्तीवर राहतो आणि गाव नावाची गोष्ट रेल्वे आली की मागून येते. रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथीयांना हे पटले नाही. त्यांनी सरकारकडून कायद्यात सवलत मिळवून गावे वसवली आणि शेताचे पट्टे वाटून घेतले. आइसलँडकरांना वस्तीवर राहायची सवय होती, त्यांच्या बेटावर शेते अशीच एकटी असतात. त्यामुळे त्यांना चौकोन फारसा टोचला नाही.

फुकट जमीन फार महाग पडे. बैलजोडी, नांगर, बियाणे, गाडी, लाकूड, आणि पहिले पीक येईपर्यंतचे खाणे. गवताची मुळे एकमेकांत विणलेली, नांगर त्यातून चामडे फाडल्यासारखा आवाज करीत जातो म्हणतात. पहिल्या वर्षी पाच-दहा एकर फुटले तरी पुष्कळ. म्हणून पुरुष उन्हाळ्यात रेल्वेच्या किंवा इतरांच्या शेतावर मजुरीला जात, मुली विनिपेगला घरकामाला जात, आणि चौकोनावर बाई, मुले आणि गाय उरत. कायद्याने तीन वर्षे राहायचे म्हणून जे लिहिले होते, ते राहणे बहुतेक बाईने केले. आणि गंमत अशी की अविवाहित बाईला कॅनडात होमस्टेड मिळत नसे. विधवा असेल आणि पदरी मुले असतील तरच. सीमेपलीकडे अमेरिकेत एकटी बाईही अर्ज करू शके. मॅनिटोबात स्त्रियांना १९१६ मध्ये मताधिकार मिळाला, त्याआधीच्या चळवळीत आइसलँडच्या बायका पुढे होत्या. मार्ग्रेत बेनेडिक्टसन यांनी १८९८ पासून त्यासाठी 'फ्रेया' नावाचे मासिक चालवले. ज्या हातांनी चौकोन राखला त्यांचे नाव कागदावर नव्हते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नावांचीही एक भानगड झाली. आइसलँडमध्ये आडनाव नसते. योनचा मुलगा योनसन, मुलगी योनसडॉटिर, आणि नातवाचे पुन्हा वेगळे. आपण नावामागे वडिलांचे नाव लावतो तसे, फक्त पुढे आडनावाचा आधार नाही. जमिनीच्या कागदाला मात्र बापलेकांचे एकच नाव हवे असे. मग कुणी आजोबांचे नाव गोठवून आडनाव केले, कुणी मूळ गावाचे नाव घेतले. वारसनोंदीच्या कामात नावाच्या एका काना-मात्रेने अडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून याचे मला हसू येत नाही.

आर्गाइल फळले. गहू आला. सुरुवातीला तो विकायला दिवसेंदिवस गाडी हाकावी लागे, मग रेल्वे जवळ आली. १८८९ मध्ये ग्रुंड येथे लाकडी चर्च उभे राहिले, ते आजही आहे. रेल्वेच्या एका ठाण्याला नॉर्स देवाचे, बाल्डुर, हे नाव मिळाले. भोवती ओंटारिओतून आलेले स्कॉटिश आणि इंग्रज शेतकरी, जरा पुढे फ्रेंच आणि बेल्जियन. प्रत्येकाचे चर्च वेगळे, मळणीयंत्र मात्र सामाईक. इकडे जुन्या गिम्लीतही माणसे परतू लागली, मासेमारी आणि लाकूड यांवर ती सावरली. १८९७ मध्ये राखीव पट्टी इतरांना खुली झाली आणि मागच्या दलदलीच्या जमिनीवर युक्रेनियन आले. आइसलँडकर आता जुने रहिवासी झाले होते आणि नव्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटांना हसत होते. वीस वर्षे पुरली एवढ्याला.

स्टेफान जी. स्टेफानसन या कवीविषयी वेगळे लिहायला हवे. विस्कॉन्सिन, डाकोटा आणि शेवटी १८८९ मध्ये अल्बर्टा, अशी तीन वेळा त्याने जमीन फोडली. दिवसा शेत, रात्री झोप येत नसे म्हणून कविता, तीही घरच्या भाषेत. त्याच्या संग्रहांचे नावच 'जागरणे' असे आहे. इथे एवढेच.

जॉन रॅम्सेने बेट्सीसाठी संगमरवरी दगड आणला. दक्षिणेकडून विकत घेऊन, घसरगाडीवर घालून, बर्फावरून ओढत. त्या काळात वसाहतीतल्या कितीतरी मेलेल्यांच्या डोक्याशी लाकडाची फळीही नव्हती. सँडी बारजवळ बेट्सीच्या नावाचा दगड त्याने बसवला आणि भोवती लाकडी कुंपण घातले. सँडी बारची वस्ती पुढे उठली, माणसे पांगली, रॅम्सेही गेला. कुंपण कुजले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गेसिर भागातल्या त्राउस्ती विग्फूसन नावाच्या आइसलँडकर शेतकऱ्याच्या स्वप्नात रॅम्से आला आणि कुंपण दुरुस्त करून दे म्हणाला, अशी गोष्ट त्या भागात सांगतात. आइसलँडची माणसे स्वप्ने मनावर घेतात. त्राउस्तीने आधी दुर्लक्ष केले की लगेच ऐकले, यावर सांगणाऱ्यांत मतभेद आहेत. तो लाकूड घेऊन तिथे गेला, दगडाभोवतीचे झुडूप तोडले, खांब रोवले आणि चारी बाजूंनी नवे कुंपण घातले.